खांद्यावरची चार बोटं

बोरगावे परिवाराच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर अनुराधाबाईंनी एक साधी गोष्ट विचारली होती. प्रत्येकानं आपल्या आजी-आजोबांचं नाव, गाव आणि सापडली तर जन्मतारीख कळवावी. चार दिवसांत सत्तावीस गुलाब आले, जोडलेले हात आले, सांगलीच्या एका चुलतभावाचा नऊ मिनिटांचा आवाजी निरोप आला. त्यात घराण्याच्या थोरवीशिवाय एकही नाव नव्हतं. कुणीतरी आधारकार्डाचा फोटो पाठवला, तोही उलटा, आणि निम्म्या कार्डावर स्वतःचा अंगठा. जन्मतारीख एकाचीही आली नाही. बाईंनी फोन पालथा घातला आणि मोरीत जाऊन हात धुतले. किळस आली की हात धुवायचे, ही त्यांची जुनी खोड होती.

निपाणीतल्या दोन खोल्यांच्या घरात त्या एकट्या राहायच्या. मराठी शाळेत पस्तीस वर्षं मास्तरकी केली, लग्न केलं नाही, आणि निवृत्तीनंतर लोक देवदर्शनाला जातात तशा त्या रोज सकाळी नऊ वाजता घराण्याच्या कागदांपुढे बसायच्या. या कामाला सुरुवात मात्र फार आधी झाली होती. २००३ साली त्यांची थोरली बहीण ब्राह्मी गेली. तिची पत्र्याची ट्रंक उघडली तर वर चार लुगडी आणि खाली सगळं घराणं भरलेलं. बापाच्या मृत्यूचा दाखला, बोरगावच्या शेताचं मोडीतलं खरेदीखत, पुढचे कानडी उतारे, मराठी शाळेचे दाखले, रेशनकार्डं. दोन भाषा, तीन लिप्या, आणि वरून उंदराच्या लेंड्या. कसर लागून खरेदीखताची चाळण झाली होती. बाईंनी नाकाला पदर लावला आणि एकेक कागद उन्हात घातला. ते काम त्यानंतर बावीस वर्षं संपलं नाही.

या बावीस वर्षांत नातेवाइकांनी त्यांना काय काय आणून दिलं ते सांगायची सोय नाही. एकानं शंभर वर्षांचा कागद 'टिकावा म्हणून' प्लॅस्टिकमध्ये पक्का करून आणला, त्यात आतल्या आत बुरशी वाढत होती. दुसऱ्यानं आजोबांचा फोटो भिंतीवरून न काढताच मोबाइलवर टिपला. त्यात आजोबांच्या कपाळावर ट्यूबलाइट पेटली होती आणि काचेत फोटो काढणाऱ्याची बनियन दिसत होती. पेन ड्राइव्ह यायचे, त्यात आठशे फोटो. सातशे नव्वद कुणाच्या तरी बारशाचे. बाई सगळं पाहायच्या, नावं द्यायच्या, तारखा घालायच्या. "शी!" असं म्हणत म्हणत त्यांनी एकोणचाळीस फायली आणि एक हार्डडिस्क भरली. घाण वाटली म्हणून टाकून दिलं, असं एकदाही झालं नाही.

हे सगळं लावायचं कसं, हा प्रश्न पहिल्याच वर्षी पडला होता. उत्तर दिलं घराण्यांच्या वंशावळीच्या वह्या ठेवणाऱ्या जोतिबा हेळव्यानं. सुगी आटोपली की दोन-तीन वर्षांतून एकदा हा जोतिबा बैल घेऊन दारात उभा राहायचा आणि बोरगाव्यांची वंशावळ मूळपुरुषापासून घडाघडा म्हणायचा. नवी नावं वहीत चढवायचा, ज्वारी घ्यायचा, पुढच्या दारी जायचा. बाप, त्याचे मुलगे, त्यांचे मुलगे, बाजूला बायकांची माहेरं. कुठं अडखळणं नाही. बाईंना ती शिस्त फार आवडली. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना घराण्यातलं काहीतरी स्वच्छ दिसलं होतं.

"आणि पोरींचं काय करतोस रे?" त्यांनी विचारलं होतं.

"पोरगी दुसऱ्याच्या वहीत जाती, बाई. तिकडची सून म्हणून तिकडचा हेळवी लिवतोय तिला."

"आणि जिचं लगीनच झालं न्हाय ती?"

जोतिबानं डोकं खाजवलं. "तसं कोण नसतंय," तो म्हणाला आणि हसला.

समोर बेचाळीस वर्षांची बिनलग्नाची बाई ज्वारीचं सूप हातात धरून उभी होती. तिनं सूप त्याच्या झोळीत ओतलं.

बाईंनी त्याच शिस्तीनं फायली लावल्या. प्रत्येक पुरुषाची एक फाईल, तिच्यावर 'मुख्य'. लग्न होऊन गेलेल्या मुली एका वेगळ्या खोक्यात, त्यावर 'बाहेर'. राहिल्या बिनलग्नाच्या. घराण्यात तशा दोघीच, एक ब्राह्मी आणि दुसऱ्या त्या स्वतः. त्यांचे कागद तात्पुरते म्हणून 'बाहेर'च्या खोक्यात तळाला ठेवले आणि वर पिवळी चिठ्ठी लावली: 'नंतर बघू.' पुढं संगणक आला, स्कॅनर आला, तेव्हा जसं खोक्यांत होतं तसंच हार्डडिस्कवर उतरलं. एक फोल्डर 'मुख्य', एक 'बाहेर'. पिवळ्या चिठ्ठीला मात्र हार्डडिस्कवर जागा नव्हती.

ब्राह्मी त्यांच्याहून चौदा वर्षांनी मोठी. बाप गेला तेव्हा अनुराधा पाळण्यात होती, मधला पारिसा अकरा वर्षांचा, आणि ब्राह्मी चौदाची. बोरगावचं शेत भाऊबंदांनी गिळलं. आई तिघांना घेऊन निपाणीला आली आणि तिसऱ्याच दिवशी ब्राह्मी तंबाखूच्या वखारीत निवडायला जाऊ लागली. ती बेचाळीस वर्षं गेली. संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत घरी येऊन चार घास खायची तेव्हा तिच्या केसांतला तंबाखूचा खकाणा ताटात पडायचा. सगळ्यांना शिंका यायच्या. लहानग्या अनुराधाला त्या वासाची इतकी शिसारी होती की ती बहिणीजवळ झोपायला नको म्हणायची. ब्राह्मीची बोटं पिवळी-काळी झाली होती. ती चिंचेनं घासायची, लिंबानं घासायची. रंग जात नसे. बाविसाव्या वर्षी चिकोडीकडचं एक स्थळ ठरत आलं होतं. पोरगी वखारीत जाते म्हटल्यावर मंडळी उठून गेली. "तंबाखूचा वास येणारी सून न्हाय परवडायची," एवढंच त्यांनी सांगून पाठवलं. त्यानंतर घरात तिच्या लग्नाचं नाव निघालं नाही. पारिसा शिकला, अनुराधा शिकली. ब्राह्मी खोकत राहिली.

तिचा तरुणपणीचा एकच फोटो होता. १९६८ साली पारिसा मॅट्रिक पास झाला, नवी पँट घालून बहिणीला निकाल सांगायला वखारीच्या दारात गेला. बाजारातल्या फोटोवाल्याला ब्राह्मीनंच थांबवलं. डोक्याचं फडकं न सोडता ती तशीच बाहेर आली, भावाच्या मागं उभी राहिली आणि त्याच्या उजव्या खांद्यावर हात ठेवला. मागं वखारमालकाच्या नावाची पाटी. पारिसा ताठ उभा, आणि ब्राह्मी हसते आहे. हसणारी ब्राह्मी दुसऱ्या कुठल्याच कागदात नव्हती. पण पारिसा पुरुष, तेव्हा फोटो त्याच्या फाईलला गेला आणि बाईंनी नाव दिलं, 'पारिसा, वखारीसमोर, १९६८'.

आता या सगळ्याचं पुस्तक करायचं ठरलं होतं. ठरवलं पारिसाच्या मुलानं, वीरेंद्रनं. पारिसा जाऊन सहा वर्षं झाली होती. वीरेंद्र मोठा व्यापारी, सिमेंटची एजन्सी, बेळगावात फ्लॅट. त्याच्या मुलीचं, सौम्याचं, लग्न ठरत आलं होतं. बोरगावात कार्यालय घेऊन सगळ्या घराण्याचं संमेलन करायचं, तिथं पुस्तक वाटायचं, आणि सौम्याच्या सासरच्या मंडळींनाही बोलवायचं, असा बेत होता. बाईंनी हार्डडिस्क दिली. देताना एकच म्हणाल्या, "बाहेरचं फोल्डरबी बघ. आक्का तिथं हाय."

"व्हय आत्ती," वीरेंद्र म्हणाला. तेव्हा तो मोबाइल बघत होता.

मध्ये एकदा त्यानं ग्रुपवर एक चित्रफीत टाकली. पणजोबांचा जुना फोटो कुठल्या तरी अ‍ॅपला देऊन त्यानं पणजोबांना हलवलं होतं. पणजोबा डोळे मिचकावत होते, मान वळवत होते आणि बत्तीस पांढरे दात काढून हसत होते. डोक्यावर भगवा फेटा, जो त्यांनी जन्मात बांधला नव्हता. खाली एकशे बारा लोकांनी अंगठे दाखवले. बाईंनी ते अर्धं पाहिलं. मग हात धुवायला उठल्या. मेलेल्या माणसाच्या तोंडात कवळी बसवून त्याला नाचवावं, तसलाच तो प्रकार होता. तरीही त्यांनी स्वतःची समजूत घातली, पोरांचे चाळे आहेत, पुस्तक आपल्या कागदांवरून होणार आहे.

संमेलनाच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी, पुस्तकांची नऊ खोकी आली. बेळगावहून नेण्यापेक्षा निपाणीहून बोरगाव जवळ, म्हणून वीरेंद्रच्या ड्रायव्हरनं ती बाईंच्या ओसरीवर उतरवली. बाईंनी आंघोळ केली, चष्मा पुसला आणि पहिली प्रत उघडली.

गुळगुळीत कागद, सोनेरी कडा. पारिसाची अकरा पानं. अनुक्रमणिकेत ब्राह्मी नाही, वंशवृक्षात नाही. त्या स्वतः होत्या, पण 'संकलन साहाय्य' म्हणून, शेवटच्या पानावर, छापखान्याच्या पत्त्याच्या वर. त्याचं त्यांना फारसं काही वाटलं नाही. त्यांनी पान सव्वीस उघडलं.

तिथं तो फोटो होता, पानभर, रंगवलेला. खाली लिहिलं होतं, 'कै. पारिसा बोरगावे, आपल्या तंबाखू वखारीसमोर.' मागची पाटी बदलली होती. तिच्यावर 'बोरगावे अँड सन्स' असं झळकत होतं. ब्राह्मी नव्हती. तिच्या जागी वखारीची भिंत नीट सारवून घेतली होती. पण काम करणारा घाईत असावा. पारिसाच्या उजव्या खांद्यावर चार बोटं तशीच राहिली होती. मनगट नाही, हात नाही, माणूस नाही, नुसती चार बोटं. आणि अ‍ॅपनं ती गुलाबी रंगवली होती, एखाद्या बाळाची असावीत तशी.

बाईंनी मोरीत जाऊन हात धुतले. परत आल्या, पान पाहिलं, परत धुतले. मग वीरेंद्रला फोन लावला आणि म्हणाल्या, "आत्ताच्या आत्ता ये."

तो तासाभरात आला, चिडूनच. बाईंनी पान पुढं केलं. "हिला का काढलंस?"

"कुणाला?"

"ही बोटं कुणाची हायत?"

वीरेंद्रनं चष्मा वर केला आणि निरखून पाहिलं. "च्या मायला, बोटं ऱ्हायली व्हय! वखारीतली कोण बाई होती मागं, आत्ती. डोक्याला फडकं, अंगावर धूळ. फोटो लई घाण दिसत होता, म्हणून म्हटलं काढा."

"ती ब्राह्मी आक्का हाय, वीरू."

वीरेंद्रनं पान डोळ्यांजवळ नेलं. ब्राह्मीनं त्याला कडेवर खेळवलं होतं, त्याची पहिली सायकल तिच्या वखारीच्या बोनसातून आली होती. पण त्याला आठवत होती ती खोकणारी म्हातारी. फोटोतली एकवीस वर्षांची पोरगी त्यानं ओळखली नव्हती. क्षणभर त्याच्या तोंडावरचा रंग उतरला, ते बाईंना दिसलं. तेवढ्यावर तो थांबला असता तर त्यांनी त्याला चहा केला असता.

"मला खरंच कळलं न्हाय, आत्ती," तो म्हणाला. मग पुस्तक मिटून म्हणाला, "पण आता छापून झालंय. आणि एक सांगू? झालं ते बरंच झालं. उद्या सौम्याच्या सासरची येणार हायत. आमची मोठी आत्ती वखारीत निवडायला जात होती, हे काय त्यांच्यापुढं मांडायचं? तंबाखूचे व्यापारी म्हटल्यावर कसं, एक वजन ऱ्हातंय."

चिकोडीची ती मंडळी उठून गेली त्याला छप्पन वर्षं झाली होती. आता तीच मंडळी आपल्याच घरात, आपल्याच भावाच्या पोटी जन्माला येऊन, सोफ्यावर बसून बोलत होती.

"वखार तिच्या मालकाची व्हती, बोरगाव्यांची न्हवं," त्या म्हणाल्या. "तू शिकलास ते त्या बोटांवर. मी शिकले ते त्या बोटांवर. तुला लाज वाटत न्हाय?"

"वाटती. पण पोरीचं लगीन लाजंवर होत न्हाय." तो उठला. "आणि मला बोलू नगंस, आत्ती. डिझायनरला 'मुख्य' फोल्डर दिलं. त्यात आक्काचं नावच न्हवतं. तूच ठेवली न्हाईस."

तो गेला. बाई ओसरीवर बसून राहिल्या. ग्रुपवरच्या गुलाबांची, हलणाऱ्या पणजोबांची, बुरशीची, सगळ्यांची किळस त्यांनी बावीस वर्षं केली होती. आज ती सगळी फिरून त्यांच्याच अंगावर आली. खरंच होतं ते. ज्या ट्रंकेमुळं हे काम सुरू झालं त्या ट्रंकेची मालकीणच त्यांनी 'बाहेर'मध्ये, तळाला, चिठ्ठी लावून ठेवली होती. वीरेंद्रनं तिला एकदा पुसलं. आपण तिला बावीस वर्षं पुसत होतो, तेही नीट, फायलीला दोरा बांधून. स्वतःच्या त्या स्वच्छ, सुवाच्य अक्षराचा त्यांना वीट आला.

दुपारी बारा वाजता त्यांनी पहिलं खोकं उघडलं आणि शाळेतला निळा पेन घेतला. पहिल्या प्रतीचं सव्विसावं पान उघडून मात्र त्या बराच वेळ नुसत्या बसल्या. सौम्या डोळ्यांपुढून हलेना. गुणी पोरगी. तिचं ठरलेलं मोडलं तर? याच कारणानं एकीचं मोडलंच होतं, दुसरीचं आपल्या हातानं मोडायचं का? मग त्यांना वाटलं, वास येतो म्हणून जे उठून जाणार आहेत ते आज ना उद्या उठणारच. लग्नाआधीच उठले तर पोरगी आपल्या घरात तरी असेल.

त्यांनी पेन टेकवला. चार बोटांपासून पानाच्या कडेपर्यंत सरळ रेघ काढली आणि शाळेच्या वळणदार अक्षरात लिहिलं: 'हा हात ब्राह्मी बोरगावे हिचा. वखार दुसऱ्याची होती. ती तिथं बेचाळीस वर्षं तंबाखू निवडत होती.' मग दुसरी प्रत. मग तिसरी. तीनशे प्रती. ओसरीवरचा दिवा लावून शेवटचं खोकं झालं तेव्हा रात्र बरीच झाली होती. बोटं शाईनं निळी झाली होती. ती त्यांनी धुतली नाहीत.

रविवारी बोरगावच्या कार्यालयात पुस्तकं वाटली गेली. वीरेंद्र माइकवर घराण्याची थोरवी सांगत होता आणि हळूहळू सगळा मांडव मान खाली घालून एकच पान वाचू लागला. त्यानंही शेवटी हातातली प्रत उघडली, आणि वाक्य अर्ध्यावर राहिलं. आत्तीकडं त्यानं एकदाच पाहिलं. सासरची मंडळी जेवली, गोड बोलली, पुस्तकाची प्रत बरोबर घेऊन गेली. "कळवतो," म्हणाली.

आठवडा झाला. निरोप आला नव्हता. वीरेंद्रनं आत्तीचं नाव ग्रुपमधून काढून टाकलं. बाईंना त्या एका गोष्टीचं मात्र बरं वाटलं, गुलाब यायचे थांबले. पुढच्या रविवारी दारात स्कूटर थांबली. सौम्या होती. बाईंना वाटलं, आता ही रडेल, ओरडेल, आणि ते आपण ऐकून घ्यायला हवं.

सौम्या आत आली, पिशवीतून पुस्तक काढलं आणि पान सव्वीस उघडून समोर ठेवलं.

"आज्जी, आजोबांची अकरा पानं हायत," ती म्हणाली. "हिचं एकबी न्हाय. तुझ्याकडं हिचं कायच न्हवतं?"

वीरेंद्रचं नाव बाईंच्या जिभेवर आलं होतं. ते त्यांनी गिळलं.

"व्हतं," त्या म्हणाल्या. "एकशे चाळीस कागद हायत. तुझ्या बानं न्हाय, मीच तिला बाहेर ठेवली व्हती."

सौम्यानं नुसता हात पुढं केला, दाखव म्हणून.

बाई कपाटापाशी गेल्या. 'बाहेर'चं खोकं ओढलं, तळाची फाईल वर काढली. पिवळी चिठ्ठी वाळून कडक झाली होती, ओढताच तुटली. फाईल उघडताच तंबाखूचा जुना वास आला. बाईंनी नाकाला पदर लावला नाही. त्यांनी 'मुख्य'चा कप्पा मोकळा केला, पारिसाची जाडजूड फाईल एक जागा पुढं सरकवली, आणि ब्राह्मीची तिच्या आधी लावली. ती थोरली होती.